निळी कॅसेट पाहुणी गेली

दादाची निळी कॅसेट कुणाकडं आहे?

एवढाच प्रश्न होता. मी तो साळवेमामांना विचारला, शफीकचाचाला विचारला, चितेगावच्या बप्पांना विचारला. एकानं चहा मागवला, एकानं रिक्षाचं पासिंग झालं का विचारलं, एकानं नुसता डोक्यावरून हात फिरवला. उत्तर कुणी दिलं नाय.

किस्से साठतात कसे, सांगतो. मी रिक्षा चालवतो. माझ्या सीटखाली एक डबा आहे, त्यात कुठले कुठले स्क्रू, नट, वायशर पडलेले असतात. कुठल्या गाडीचे, कधी निघाले, काही माहीत नसतं, पण फेकवत नाहीत. दादा गेल्यापासून माझं डोकं तसंच झालंय. हात घातला की काहीतरी टोचतं. मी सातवीतनं शाळा सोडली, त्यामुळं ओळीनं लावून सांगायला जमेलच असं नाय. हाताला लागेल ते काढतो.

दादा म्हणजे राजू, माझा थोरला भाऊ. मुकुंदवाडीतून चितेगावला कंपनीची बस न्यायचा. रविवारी सकाळी मात्र स्टेशनाजवळच्या शफीकचाचाच्या दुकानात. चाचा पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, आता मिक्सर करतो. तिथं चौघं जमायचे. चाचा, दादा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर साळवेमामा आणि जुनी जीप घेऊन येणारे चितेगावचे बप्पा. बप्पांची निम्मी जमीन कंपन्यांत गेली, निम्मीत मोसंबी आहे.

विषय एकच. कुठल्या दशकातली कुठली कॅसेट सगळ्यात भारी?

ऐंशीच्या दशकाचा निकाल झटक्यात लागला, कारण तेव्हा बप्पांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मतं तीनच पडली. बप्पा अजून म्हणतात, "तो निकाल मला मान्य नाय. पाय मुद्दाम मोडलाय."

"पाय तुमच्याच बैलानं मोडला ना बप्पा?" दादा म्हणायचा.

"व्हय. पण बैल कुणाच्या बाजूचा होता, ते कुणी तपासलं?"

*

नव्वदचं दशक अडकलं ते अडकलंच. तिथं कॅसेटला नावानं ओळखत नाहीत, कव्हरच्या रंगानं ओळखतात. दादा आणि साळवेमामा निळीचे. निळी म्हणजे भीमगीतं, गाणारी बाई जालन्याकडची. चाचा आणि बप्पा मरूनचे. मरून म्हणजे गजला. कायम दोन विरुद्ध दोन.

मतदान गुप्त. प्रत्येकाला एक शेंगदाणा, एक फुटाणा. निळीला शेंगदाणा, मरूनला फुटाणा. मूठ झाकून बिस्किटाच्या डब्यात एक टाकायचं आणि उरलेलं खाऊन टाकायचं, म्हणजे पुरावा राहत नाय.

एकदा डबा उघडला तर दोन फुटाणे आणि एकच शेंगदाणा. निळी पडली! बप्पा उभे राहून हात जोडायला लागले, जसे निवडूनच आलेत.

साळवेमामांनी खिशातनं चिमटा काढला. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा त्यांनी नोकरी संपल्यावरही जपून ठेवलाय. टकटक वाजवला की सगळ्यांनी गप्प बसायचं.

"चार माणसं, तीन मतं. कुणी जागचं हलू नका. आ करा."

सगळ्यांनी आ केला. मामांनी एकेकाच्या तोंडात वाकून बघितलं. बप्पांच्या दाताला शेंगदाण्याच्या दोन साली होत्या.

"हा माझा उरलेला," बप्पा म्हणाले.

"उरलेल्याची एक साल. ही दुसरी कुणाची?"

बप्पांनी डब्याकडं बघितलं. डबा त्यांच्याच मांडीजवळ होता. "बोलता बोलता हात गेला असंल," ते म्हणाले.

मामा आणि बप्पांची अशी जुंपली की बाहेर रिक्षावाले गोळा झाले. शेवटी दादानं तोडगा काढला. "यापुढं मतं कच्ची आणायची. भाजलेली बाद."

तेव्हापासून तिथं कच्चे शेंगदाणे आणि कच्चा हरभरा.

*

निळीत एक जागा होती. हा किस्सा नीट ऐका.

दादा कॉलेजात जायचा तेव्हाची गोष्ट. टेप स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून निळी ऐकत होता. काय झालं कुणास ठाऊक, दुसऱ्या गाण्यात त्याच्या हातनं रेकॉर्डचं बटन दाबलं गेलं. विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वरच्या कडेला भोकं असतात, पण दादा प्रत्येक कॅसेटच्या भोकांवर चिकटपट्टी लावायचा. धूळ जाती म्हणे आत. त्यामुळं गाणं पुसलं आणि घरातला आवाज आत गेला.

म्हणजे बाई मस्त गातीय, ढोलकी रंगात आलीय, आणि मध्येच आमची माय ओरडते, "राज्या, दूध बघ रे."

मग दादाचा आवाज, "बघतो गं माय."

मग चर्र करून दूध उतू जातं. मग परत गाणं.

दादाला आधी वाईट वाटलं. पण चाचाच्या दुकानात ती जागा आली की हळूहळू सगळेच ओरडायला लागले. गाणं कुठंही चालू असू द्या, मिक्सरचं गिऱ्हाईक समोर उभं असू द्या, ती जागा आली की चौघं एका सुरात, "राज्या, दूध बघ रे."

बप्पांनी यावर हरकत घेतली होती. "निळीत मायचा आवाज जादाचा हाय. ते काढून मतदान घ्या."

"तुमच्या मरूनमध्ये ओरडायला लावा की कुणाला," मामा म्हणाले.

"आमची गजल हाय. गजलंत दूध शोभत नाय."

मी एकदा सहज म्हणालो, "अहो, ही गाणी मोबाईलवर सगळी आहेत. कॅसेटला कशाला चिकटून बसता?"

मामा माझ्याकडं असे बघायला लागले जसा मी विदाऊट तिकीट सापडलो. "मोबाईलवर दूध उतू जातं का?"

*

त्यांची एक पद्धत होती. दुसऱ्याच्या कॅसेटला नावं ठेवायची असतील तर आधी ती घरी न्यायची आणि दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या. ऐकल्याशिवाय शिवी द्यायची नाय. याला ते म्हणायचे, कॅसेट पाहुणी गेली. निळी वर्षातनं एकदोनदा मरूनवाल्यांकडं पाहुणी जायची आणि मरून आमच्याकडं यायची. पाहुणीला ऊन लावायचं नाय, फास्ट पळवायचं नाय.

दादा दवाखान्यात पडला तेव्हा सुरुवातीला आम्हाला वाटलं, कावीळ आहे, उतरेल. पण ती उतरली नाय. एक दिवस तो म्हणाला, "छोट्या, घरनं टेप आन निळी आन. नर्सबाईंना विचारलंय मी. हळू आवाजात लावू."

मी रिक्षा पळवत घरी आलो. कपाट उघडलं. निळ्या कव्हरवर दादानं लावलेली पट्टी, तिच्यावर त्याच्या अक्षरात 'राजू'. कव्हर उघडलं तर आत काही नाय.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "पाहुणी गेली असंल. विचार त्यांना."

"कुणाकडं गेलीय?"

"असंल कुणाकडं तरी. विचार." त्याला बोलायला त्रास व्हायचा.

मी विचारलं. चहा, पासिंग, डोक्यावरून हात. ते वर सांगितलंच. त्या आठवड्यात दादा गेला. निळी न ऐकता गेला.

जलदान विधीला तिघंही आले. सगळ्यात मागं बसले, ओळीनं, खाली मान घालून. भंतेजींचं झालं, लोक जेवायला उठायला लागले, आणि मला काय झालं माहीत नाय, मी सगळ्यांसमोर त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"निळी कुणाकडं आहे?"

बप्पा हातातली पत्रावळी पुसायला लागले. चाचा चपला शोधायला लागला, चपला पायातच होत्या. साळवेमामांनी खिशात हात घातला, आणि आतल्या आतच चिमटा दोनदा वाजला.

त्या दिवशी मी ठरवलं, यातल्या एकानं चोरलीय. भाऊ मरणार म्हणून त्याची कॅसेट दाबलीय, म्हणजे मत आपोआप बाद. बाकी दोघांना ते माहीत आहे.

*

पहिला संशय साळवेमामांवर. ते आमच्या निळीचे, आणि घरचा माणूसच आधी दगा देतो, असं माझं मत. त्यात मामा सारखे जालन्याला जायला लागले होते. जालन्यात त्यांचं कुणी नाय.

एका सकाळी मी रिक्षा स्टँडला लावली, तोंडाला रुमाल बांधला, डोळ्याला गॉगल लावला आणि त्यांच्या मागं एसटीत चढलो. ते पुढं, मी एकदम शेवटच्या सीटवर. मान खिडकीत खुपसून बसलो.

चिकलठाणा गेलं. कंडक्टर तिकिटं फाडत मागं यायला लागला. तेवढ्यात मामा पुढनंच, मान न वळवता म्हणाले, "त्या मागच्या रुमालवाल्याचं तिकीट मी काढलंय. त्याला म्हणावं गॉगल काढ, गाडीत अंधार हाय, ठेचकाळशील."

मी जाऊन शेजारी बसलो. दुसरं काय करणार?

"कसं ओळखलं मामा?"

"अख्खी नोकरी तोंड लपवणाऱ्यांत गेली माझी."

"जालन्याला कशाला चाललात?"

"डाळिंबं आणायला."

जालन्यात त्यांनी मला एका हॉटेलात बसवलं, पोहे मागवले आणि म्हणाले, आलोच. आले तेव्हा पिशवीत चार डाळिंबं होती, आणि गुडघ्यावर धूळ. भंगाराच्या दुकानात गुडघे टेकून बसल्यावर लागते तसली. डाळिंबं घेताना गुडघे कोण टेकतं?

विचारलं तर म्हणाले, "वाकून चांगली निवडली."

*

मग शफीकचाचा. त्याच्या दुकानाला वरती माळा आहे. पूर्वी आम्ही कधीही चढायचो. आता त्याला कुलूप.

दुपारी चाचा नमाजला गेला आणि मी स्टुलावर स्टूल ठेवून चढलो. कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. आत हात घातला तर हाताला कॅसेटा लागल्या. एक काढली, निळी. दुसरी काढली, तीपण निळी. तिसरीपण निळी. एकीवर बुरशी, एकीचं कव्हर उंदरानं खाल्लेलं, एकीत निळीच्या कव्हरात कसलं तरी कीर्तन. दादाची एकपण नाय.

तेवढ्यात खालचं स्टूल सरकलं. मी, माळ्याची फळी आणि दहाबारा मिक्सर एकदमच खाली आलो.

चाचा दारात उभा. टोपी डोक्यावर, हातात तसबीहची माळ. मला वाटलं आता झापणार. त्यानं आधी मला उठवलं, हातपाय हलवून बघितले. मग म्हणाला, "अरे छोटू, मेरे कू बोलता तो मैं सीढी देता ना."

"इतक्या निळ्या कशाला जमवल्या चाचा? तू तर मरूनवाला."

त्यानं एक मिक्सर उचलला, कानाजवळ नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"शौक है," तो म्हणाला.

मरूनवाल्याला निळीचा शौक! मी घरी येऊन मायला म्हणालो, "ते तिघं मिळालेले आहेत." माय तेव्हा काहीच बोलायची नाय. दादाचं नाव तर तिनं घेतलंच नव्हतं.

*

उरले बप्पा. बप्पांना मी आडवळणानं विचारणार नव्हतो. सरळ चितेगावला त्यांच्या दारात रिक्षा घातली. बप्पा मोसंबीच्या क्रेटा मोजत होते.

"जीप उघडा," मी म्हणालो.

त्यांच्या वयाला, त्यांच्या दारात, त्यांच्या गड्यांसमोर असं कुणी बोललं नसंल. गडी पुढं आले. बप्पांनी त्यांना हातानं थांबवलं आणि किल्ली माझ्याकडं टाकली.

सीटखाली बघितलं. डिकी बघितली. मग समोर लक्ष गेलं. स्टिअरिंगच्या बाजूला टेप असायचा, चाचानं स्वतः बसवलेला. तिथं नुसतं भोक. वायरी लोंबत होत्या.

"टेप कुठंय?"

"काढला."

"कशाला? जीप विकली तरी टेप विकणार नाय म्हणायचे तुम्ही."

बप्पांनी एक लोंबती वायर भोकात खोचली. मग घराकडं तोंड करून म्हणाले, "अहो, ऐकलं का? राजूचा भाऊ आलाय. ताट वाढा."

"मी जेवायला नाय आलो."

"माहीत हाय. पण चोराच्या घरी आल्यावर उपाशी जाऊ नये."

मी रागातच बसलो. रागातच दोन भाकरी खाल्ल्या. काकूंनी वरनं अजून अर्धी टाकली, तीपण खाल्ली. मुकुंदवाडीपर्यंत आलो तेव्हा ध्यानात आलं, उत्तर मिळालंच नाय.

*

मग एका रविवारी चाचाचा फोन आला. "आ जा. मिल गई."

मी गेलो तर तिघं ओळीनं बसलेले. दादाचं स्टूल मोकळं. चाचानं माझ्या हातात कॅसेट ठेवली. दादाचीच. वरच्या कोपऱ्यातला टवका तोच, त्याच्या दातानं पडलेला.

"कुठं होती?"

"पहले सुन," चाचा म्हणाला.

लावली. पहिलं गाणं एकदम स्वच्छ. ना खरखर, ना घरघर. मला वाटलं, चाचानं टेपचं हेड साफ केलं असंल. दुसरं लागलं. ढोलकी रंगात आली. बाईनं तान घेतली, आणि तिघांनी एका सुरात तोंड उघडलं,

"राज्या, दूध बघ रे."

कॅसेट तशीच गात राहिली. बाईनं कडवं पूर्ण केलं. मध्ये कुणी ओरडलं नाय, दूध उतू गेलं नाय. त्या जागी आम्ही कधी न ऐकलेल्या दोन ओळी होत्या. चांगल्या होत्या.

तिघांची तोंडं उघडीच राहिली. आपण काय केलं, ते त्यांना तेव्हा कळलं.

चाचानं टेप बंद केला. आता बोलणार कोण? मामांनी चिमटा काढला, पण वाजवला नाय, बप्पांच्या मांडीवर ठेवला.

"माझ्याकडं होती पाहुणी," बप्पा म्हणाले. "जीपच्या टेपानं गिळली. फीत पार चुरा झाली. शफीकनं लई जोडून बघितली, जुळंना. मग म्हणलं, राजूला कळायच्या आत दुसरी शोधू. नवी फीत जुन्या डबीत घालू. तो बरा होऊन आला की देऊ."

"तीन जिले घूमे," चाचा म्हणाला. "जो भी मिली, खराब. ये वाली साळवे को जालने में मिली. कबाड में."

"आणि तवर राजू गेला," मामा म्हणाले. "मग सांगणार कुणाला?"

माझं डोकं फिरलं होतं. "इतकी वर्षं पाहुणी जात होती, तेव्हा नाय गिळली. आत्ताच कशी गिळली? काय केलंत तुम्ही?"

बप्पांनी चिमटा मुठीत धरला.

"मागं-पुढं करत होतो," ते म्हणाले. "तेवढीच एक जागा. मागं घ्यायची, ऐकायची. परत मागं. पोरगं दवाखान्यात होतं ना."

*

आता शेवटचा.

त्या रविवारी मी तसाच निघालो. कॅसेट खिशात घालून घेऊन गेलो, त्यांना वाटलं आता हा परत येत नाय.

घरी आलो. चाचानं डबी उघडताना निघालेली चिकटपट्टी वरच्या भोकांवर परत लावली. दादाचा टेप पुसला, ओट्यावर ठेवला. दुसऱ्या गाण्यात ती जागा शोधून काढली. मग दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि मायला बोलावलं.

"माय, हाक मार."

"कुणाला?"

"दादाला. कॅसेटमध्ये मारलीस तशी."

तिनं ओट्यावरची सांडशी उचलली. मला वाटलं, फेकून मारती. मी म्हणालो, "त्या तिघांना पाहिजे गं."

ती पदर तोंडाला लावून दाराच्या चौकटीला टेकली. दुधाला साय धरायला लागली. कडा हलल्या. मी प्ले आणि रेकॉर्ड, दोन्ही बटनं एकदम दाबली आणि थांबलो. दूध वर यायला लागलं, अर्ध्यावर आलं, काठाला आलं, आणि माय तिकडंच बघत होती. मग तिच्या तोंडातनं आपोआप आलं, तसंच वैतागलेलं,

"राज्या, दूध बघ रे."

"बघतो गं माय," मी म्हणालो.

गॅस बंद केला नाय. पहिल्या वेळीपण उतू गेलं होतं. जाऊ दिलं.

पुढच्या रविवारी खिशात कच्चा शेंगदाणा घेऊन दुकानात गेलो. तिघंही होते. माझ्याकडं बघून सरकून बसले. बप्पा म्हणाले, "कुठं गेलती रे कॅसेट?"

"पाहुणी गेलती. आली."

मी ती टेपात घातली आणि दादाच्या स्टुलावर बसलो. पहिलं गाणं संपलं. दुसरं लागलं. चाचानं मिक्सर खाली ठेवला. बप्पांनी डोळे मिटले. ढोलकी रंगात आली, तेव्हा मी हात पुढं करून आवाज वाढवला.